मेंदूच्या आवरणातली काळी गाठ: निदान आणि उपचार, टप्प्याटप्प्याने

मेंदूत किंवा पाठीच्या कण्यात सापडणाऱ्या काळ्या गाठींपैकी बहुतेक तिथल्या नसतातच. त्वचेवरचा, डोळ्यातला किंवा तोंडा-गुदद्वाराच्या अस्तरातला मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, पसरत तिथवर आलेला असतो. मेंदूच्या आवरणात मूळ धरून वाढलेली रंगपेशींची गाठ फारच क्वचित दिसते. त्यातल्या सौम्य प्रकाराचं, म्हणजे मेलॅनोसायटोमाचं प्रमाण वर्षाला साधारण एक कोटी लोकांमागे एक असं मानलं जातं. त्यामुळे 'मेलॅनोमा' असा रिपोर्ट हाती आला की सगळे तो शेवटचा शब्द समजतात, आणि शस्त्रक्रियेने बरी होऊ शकणाऱ्या गाठीचा रुग्णसुद्धा चौथ्या टप्प्याच्या कॅन्सरचा रुग्ण ठरतो. याच्या उलटही होतं. 'आवरणाची साधी गाठ' म्हणून सोडून दिलेली गाठ पायाच्या तळव्यावरून आलेली निघते. पुढची सगळी खटपट या एका प्रश्नासाठी आहे: ही गाठ इथलीच, की बाहेरून आलेली?

हा लेख न्यूरोसर्जरी, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आहे. हातात फाइल घेऊन फिरणाऱ्या नातेवाइकांनाही तो उपयोगी पडेल, म्हणून शक्य तिथे साध्या शब्दांत लिहिला आहे.

रंगपेशी मेंदूत कुठून आल्या?

गर्भात मज्जासंस्था तयार होत असताना तिच्या कडेच्या पेशींची एक पट्टी सुटी होऊन शरीरभर पसरते. त्यातल्या काही पेशी त्वचेत जाऊन रंग बनवतात, काही डोळ्यात जातात आणि थोड्या मेंदूच्या आतल्या दोन पातळ आवरणांत, म्हणजे अरॅक्नॉइड आणि पियामध्ये राहतात. निरोगी माणसातही लंबमज्जेच्या पुढच्या बाजूला, मेंदूच्या तळाशी आणि मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागात त्या जास्त असतात. म्हणूनच मूळच्या गाठी प्रामुख्याने कवटीच्या मागच्या खालच्या कप्प्यात, चेहऱ्याच्या पाचव्या नसेचा पेशीपुंज जिथे असतो त्या मेकेलच्या कोनाड्यात आणि मान-पाठीच्या मणक्यांत सापडतात.

पूर्वी यांना 'रंगीत मेनिंजिओमा' म्हणत; मेनिंजिओमा म्हणजे आवरणाच्याच पेशींची गाठ. १९७२ मध्ये लिमास आणि टिओ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की या पेशी आवरणाच्या नाहीत, रंगपेशीच आहेत, आणि 'मेलॅनोसायटोमा' हे नाव रुळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात दोन गट आहेत. एका जागी गोळा झालेल्या गाठी म्हणजे मेलॅनोसायटोमा आणि मेलॅनोमा, व त्यांच्या मधली एक पायरी. आवरणभर पसरणारे प्रकार म्हणजे मेलॅनोसायटोसिस आणि मेलॅनोमॅटोसिस. पहिला गट बहुतेक करून प्रौढांत दिसतो, मेलॅनोसायटोमा तर चाळिशी-पन्नाशीत जास्त. पसरणारा सौम्य प्रकार लहान मुलांत दिसतो आणि त्याचं नातं अंगावरच्या मोठ्या जन्मजात काळ्या चट्ट्यांशी असतं.

पहिला टप्पा: एमआरआय मागवताना काय लिहायचं

मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे एमआरआयच्या टी१ प्रकारच्या चित्रावर गाठ पांढरी आणि टी२ वर काळी दिसते. नेहमीची गाठ याच्या साधारण उलट दिसते, म्हणून ही जोडी दिसली की रंगपेशींचा विचार मनात यायलाच हवा. पण त्यासाठी कॉन्ट्रास्ट देण्याआधीचं टी१ हवं. ते काढलंच नसेल तर मूळचा पांढरेपणा आणि कॉन्ट्रास्टने आलेला पांढरेपणा वेगळा करता येत नाही, आणि रिपोर्टमध्ये 'एकसारखी उजळणारी गाठ, बहुधा मेनिंजिओमा' असं छापून येतं. ही चूक वारंवार होते आणि ती फक्त विनंतीपत्रातल्या एका ओळीने टळते.

विनंतीपत्रावर एवढं लिहा: कॉन्ट्रास्टआधी टी१, शक्यतो एक मिलिमीटर जाडीचं त्रिमितीय, तेच चित्र चरबी दाबून, टी२ आणि फ्लेअर, रक्तस्राव शोधणारं एसडब्ल्यूआय, कॉन्ट्रास्टनंतर त्रिमितीय टी१, आणि पूर्ण मणक्याचा एमआरआय, कॉन्ट्रास्टसह. त्याआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासा.

यातल्या प्रत्येकाला कारण आहे. चरबी दाबल्यावर पांढरा भाग विझला तर ती लायपोमा किंवा डर्मॉइड ही चरबी असलेली गाठ. मेलॅनिन विझत नाही. एसडब्ल्यूआयवर ठसठशीत काळं उमटलं तर रक्त असण्याची शक्यता जास्त, कारण निव्वळ मेलॅनिन तिथे फारसं उठत नाही. अर्थात रंगपेशींच्या गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. शंका उरली आणि रुग्ण स्थिर असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करा. रक्ताची चमक बदलते, मेलॅनिनची तशीच राहते.

सीटीवर या गाठी थोड्या घट्ट दिसतात, पण त्यात कॅल्शियमचे ठिपके किंवा शेजारच्या हाडाची जाडी सहसा नसते. ती असेल तर मेनिंजिओमाकडे पारडं झुकतं. आणि ज्या गाठीत मेलॅनिनच कमी आहे ती एमआरआयवर अगदी साधी दिसते. फिल्म पाहून 'ही काळी गाठ नाहीच' असं कुणी खात्रीने म्हणू नये.

मणक्याचा एमआरआय पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं द्रव, काढण्याआधी करा. सुई टोचल्यानंतर आवरणं काही काळ कॉन्ट्रास्टने उजळतात आणि तो गाठीचा फैलाव आहे की सुईचा परिणाम, यावर पुढचा महिना वाया जातो.

दुसरा टप्पा: अंगभर शोध

हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा टप्पा. मेंदूतली गाठ मोठी असते, रुग्ण घाबरलेला असतो, आणि कपडे उतरवून नीट बघायला कुणालाच सवड नसते. तरी बघा.

टाळू केस बाजूला सारत पाहा. कानामागे, बगल, जांघा, नितंबांमधली घडी. तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि प्रत्येक नखाखाली. भारतीय त्वचेत मेलॅनोमा एकूणच कमी होतो, पण झाला तर तळपाय आणि नखाखालची जागा बरीच वेळा सापडते. रुग्ण त्याला 'जुनं कुरूप' किंवा 'ठेच लागून काळं पडलेलं नख' म्हणतो. तोंडात टाळू आणि हिरड्या बघा, नाकाची दुर्बिणीने तपासणी करा, गुदद्वाराची बोटाने तपासणी करा, आणि स्त्रियांत जननेंद्रियाची तपासणीही.

विचारायचे प्रश्न नेमके ठेवा. कधी तीळ किंवा चामखीळ काढली का? जाळली की कापली, आणि कापली तर रिपोर्ट कुठे आहे? पायाचं बोट काढावं लागलं का? डोळा काढला किंवा डोळ्यावर उपचार झाले का? एखादा काळा डाग आपोआप नाहीसा झाला आणि तिथे पांढरा चट्टा उरला, असं काही आठवतं का? मूळचा मेलॅनोमा कधी कधी असा विरून जातो आणि मागे फक्त पांढरी त्वचा ठेवतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा तपासून घ्या. नजर चांगली आहे म्हणून हे टाळू नका. चेहऱ्याच्या एका बाजूला, डोळ्याभोवती आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात निळसर-करडी छटा असेल तर तो ओटाचा चट्टा असू शकतो. आशियाई लोकांत तो तुलनेने जास्त आढळतो, आणि घरचे त्याला जन्मखूण समजून विसरलेले असतात. त्याच बाजूच्या मेकेलच्या कोनाड्यात गाठ असेल तर ती मूळची असण्याला हा मोठा आधार आहे.

यानंतर अंगभर पेट-सीटी, म्हणजे ग्लुकोज जास्त खाणाऱ्या जागा उजळून दाखवणारं स्कॅन. चार ते सहा तास उपाशी, साखर ताब्यात. मेंदू स्वतःच भरपूर ग्लुकोज खातो, म्हणून आवरणातली गाठ पेटवर झाकली जाऊ शकते. पेट मेंदूसाठी नाही, बाकीच्या शरीरासाठी आहे, हे नातेवाइकांना आधीच सांगा. नाहीतर 'पेटमध्ये डोक्यात काही नाही' म्हणून ते निर्धास्त होतात.

तिसरा टप्पा: पाठीतलं पाणी, आणि टीबीचा सापळा

मागच्या कप्प्यात मोठी गाठ असेल किंवा मेंदूत पाणी साचलं असेल तर कमरेतून सुई घालू नका. दाबातल्या फरकाने मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. अशा वेळी शंट (साचलेलं पाणी पोटाकडे वळवणारी नळी) किंवा बाहेर काढणारी नळी घालताना मेंदूच्या पोकळीतलं पाणी तपासायला घ्या.

धोका नसेल तेव्हा निदान १० मिलिलिटर पाणी फक्त पेशींच्या तपासणीसाठी वेगळं पाठवा, आणि ते तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचेल अशी व्यवस्था करा. दुपारी काढून रात्रभर टेबलावर राहिलेल्या नमुन्यात पेशी विरघळतात आणि रिपोर्ट 'पेशी आढळल्या नाहीत' असा येतो. पहिला नमुना कोरा आला तरी शंका कायम असेल तर दुसरा, तिसरा पाठवा. तळाशी बसलेला गाळ काळसर दिसला तर त्याचा मेणात बसवलेला ब्लॉक करून त्यावर रंगपेशींच्या खुणा तपासायला सांगा.

आपल्याकडचा खास धोका इथे आहे. आवरणभर पसरलेल्या मेलॅनोमॅटोसिसमध्ये डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, फिट, दुहेरी दिसणं अशी लक्षणं येतात. पाण्यात प्रथिनं वाढलेली, साखर कमी, थोड्या लिम्फोसाइट पेशी, आणि एमआरआयवर मेंदूच्या तळाची आवरणं उजळलेली. हे चित्र टीबीच्या मेंदूज्वरासारखंच आहे. टीबी इतका सर्रास असताना एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करणं चूक नाही. पण जीन एक्स्पर्ट (टीबीची जलद जनुक-चाचणी) आणि कल्चर दोन्ही कोरे, औषधं नियमित चालू, तरी चार-सहा आठवड्यांत रुग्ण खालावतच चालला असेल, तर जुना एमआरआय काढा आणि कॉन्ट्रास्टआधीच्या टी१ वर आवरणं पांढरी दिसतात का ते बघा. पाण्याच्या पेशी पुन्हा तपासा. तरी उत्तर मिळालं नाही तर उजळणाऱ्या जागेवरून आवरणाचा तुकडा घेण्याचा निर्णय लवकर घ्या. औषधांना दाद न देणारा टीबी समजून महिने घालवण्यापेक्षा हा तुकडा रुग्णाच्या फायद्याचा आहे.

चौथा टप्पा: शस्त्रक्रिया

लक्षणं देणाऱ्या, एका जागी असलेल्या गाठीसाठी पूर्ण काढणं हाच मुख्य उपचार. मेलॅनोसायटोमा पूर्ण निघाला तर अनेक रुग्णांना पुढे दुसऱ्या उपचाराची गरज लागत नाही. म्हणून पहिल्याच शस्त्रक्रियेत शक्य तेवढं सगळं काढण्याची तयारी ठेवून जा.

ड्युरा, म्हणजे बाहेरचं जाड आवरण, उघडण्याआधीच ती आतून निळसर-काळी दिसू शकते. गाठ कोळशासारखी काळी ते तपकिरी, मऊ, आणि बरेचदा रक्ताने भरलेली असते. काळ्या पृष्ठभागावर रक्तस्राव नेमका कुठून होतोय ते चटकन कळत नाही. सतत पाणी सोडत, छोट्या टप्प्यांत काम करावं लागतं. रक्ताच्या पिशव्या आधीच राखून ठेवा. गाठीला मोठी रक्तवाहिनी असल्याचं अँजिओग्राफीवर दिसलं तर आधी ती बंद करण्याचा विचार होतो. गाठ फोडण्यापूर्वी आजूबाजूच्या पाण्याच्या जागा कापसाच्या पट्ट्यांनी झाका, म्हणजे पेशी पाण्यातून पसरण्याचा धोका कमी होईल. मणक्यातली गाठ असेल तर नसांचं विद्युत निरीक्षण सुरू ठेवा. गाठ महत्त्वाच्या नसेला किंवा मज्जारज्जूला घट्ट चिकटली असेल तर पातळ थर मागे ठेवणं शहाणपणाचं. तो नंतर किरणांनी हाताळता येतो, गेलेला पाय परत आणता येत नाही.

आजूबाजूचं आवरण दूरवर काळपट दिसलं तर ते सगळं खरवडायचं नाही. त्यातला तुकडा वेगळ्या डबीत, वेगळं लेबल लावून पाठवा.

फ्रोझन सेक्शनचा, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट 'रंगपेशींची गाठ' इतकाच घ्या. सौम्य की मारक हे त्या घाईत ठरवू नये, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात नातेवाइकांना 'मेलॅनोमा' हा शब्द सांगू नये.

शस्त्रक्रियेनंतरचा एमआरआय ४८ तासांच्या आत करा. तिसऱ्या दिवसापासून साचलेलं रक्त टी१ वर पांढरं होऊ लागतं, आणि मग ते रक्त की उरलेली गाठ हे सांगणं रेडिओलॉजिस्टलाही अवघड जातं.

पाचवा टप्पा: पॅथॉलॉजी

मेलॅनिनने काचेवरचं सगळं झाकलं जातं. पेशीचा गाभा दिसत नाही, विभाजन मोजता येत नाही, आणि प्रथिनांच्या खुणा दाखवणारा नेहमीचा तपकिरी रंग मेलॅनिनच्या तपकिरीत मिसळतो. यावर दोन उपाय. एक म्हणजे पोटॅशियम परमँगनेट आणि मग ऑक्झॅलिक आम्ल वापरून, किंवा कोमट, सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून काप विरंजित करणं. परमँगनेट जोरकस आहे, त्याने काही प्रथिनांच्या खुणाही पुसट होतात. म्हणून शेजारचा न विरंजित काप सोबत ठेवायचाच. दुसरा उपाय तपकिरीऐवजी लाल रंगद्रव्य वापरणं. रंगद्रव्य खरंच मेलॅनिन आहे की जुन्या रक्तातलं लोह, हे फॉन्टाना-मॅसन आणि पर्ल्स या दोन रंगांनी ठरतं.

एचएमबी-४५, मेलन-ए, एस-१००, सॉक्स१० या प्रथिनांच्या खुणा रंगपेशींच्या गाठीत सहसा उमटतात. ईएमए उमटत नाही. मेनिंजिओमात ईएमए आणि एसएसटीआर२ उमटतात. मणक्याच्या नसेतून आलेल्या काळ्या गाठीत आणखी एक दावेदार असतो: मारक मेलॅनोटिक नर्व्ह शीथ ट्यूमर, पूर्वीचा मेलॅनोटिक श्वानोमा. त्यात पीआरकेएआर१ए हे प्रथिन हरवलेलं असतं, आणि कार्नी कॉम्प्लेक्स या आनुवंशिक आजाराशी त्याचा संबंध असतो. तो आढळला तर हृदयाची इको करून मिक्झोमा, म्हणजे हृदयातली गाठ, शोधा.

मेलॅनोसायटोमात पेशींचे घट्ट पुंजके असतात, सूक्ष्मदर्शकाच्या दहा मोठ्या क्षेत्रांत विभाजन शून्य किंवा एक, आणि कुजलेला भाग नसतो. गाठ मेंदूत घुसत असेल किंवा विभाजन थोडं वाढलं असेल तर मधली पायरी. विभाजन भरपूर, पेशी बेढब, कूज झालेली, तर मेलॅनोमा. पण सूक्ष्मदर्शक 'कुठून आली' हे सांगत नाही. आवरणातला मेलॅनोमा आणि त्वचेवरून आलेला मेलॅनोमा काचेवर जुळ्या भावंडांसारखे दिसू शकतात.

म्हणून जनुकांची तपासणी. प्रौढांच्या मूळच्या गाठींत जीएनएक्यू किंवा जीएनए११ या जनुकांमध्ये बदल बहुतेक वेळा सापडतो. बीराफ व्ही६००ई, टर्ट प्रमोटरमधला बदल आणि उन्हाने झालेल्या नुकसानाच्या खुणा दिसल्या तर त्वचेकडे बोट जातं. मुलांच्या पसरणाऱ्या प्रकारात एनरास जनुकातला बदल सापडतो. एक फसगत लक्षात ठेवा: डोळ्यातल्या मेलॅनोमातही जीएनएक्यू आणि जीएनए११ असतात, त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी झाली नसेल तर जनुकांचा रिपोर्ट अपुरा आहे. सोबत गुणसूत्र ३ हरवलेलं किंवा बीएपी१ नाहीसं असेल तर गाठ आक्रमक वागण्याची शक्यता वाढते, आणि घराण्यात डोळ्याचे, मूत्रपिंडाचे किंवा फुप्फुसाच्या आवरणाचे कॅन्सर आहेत का हे विचारायला हवं.

नातेवाइकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. दुसरं मत घ्यायला फक्त छापील रिपोर्ट नेऊन उपयोग नाही. मेणातला ब्लॉक, रंगवलेल्या स्लाइड आणि १० ते १५ कोऱ्या स्लाइड लेखी अर्ज देऊन मागून घ्या. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. स्कॅनची सीडी घ्या. फिल्मच्या फोटोवरून असा निर्णय होत नाही.

सहावा टप्पा: पुढचे उपचार

मेलॅनोसायटोमा पूर्ण निघालाय, शस्त्रक्रियेनंतरचा एमआरआय स्वच्छ आहे, तर लक्ष ठेवणं पुरेसं. थोडी गाठ उरली असेल तर किरणोपचार द्यावेत असा आमचा कल आहे; नेहमीचा डोस ५० ते ५४ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), रोज १.८ ग्रे, म्हणजे आठवड्यात पाच दिवस धरून सुमारे सहा आठवडे. छोट्या, स्पष्ट सीमेच्या उरलेल्या भागासाठी गॅमा नाइफसारखा एकाग्र किरणोपचार चालतो. लहान मुलांत आणि मणक्याच्या लांब पट्ट्यात प्रोटॉन किरणांचा विचार करा. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या केंद्रात ही सोय आहे. मधल्या पायरीची गाठ पूर्ण निघाली तरी किरणं द्यावीत का, हे ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, एकेका रुग्णापुरतं ठरवावं लागतं.

मूळचा मेलॅनोमा असेल तर शस्त्रक्रिया, किरणं आणि निवोलुमॅब-इपिलिमुमॅबसारखी प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं. त्वचेच्या मेलॅनोमात ती जेवढी चालतात तेवढी जीएनएक्यू असलेल्या गाठीत चालत नाहीत, हे महागडी औषधं लिहिण्याआधी कुटुंबाला स्पष्ट सांगायला हवं. बीराफवरची औषधं बीराफ बदल असेल तरच. सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लागतं, पण ते प्रतिकारशक्तीची औषधं बोथट करतं. ती सुरू होईपर्यंत रोजचा डोस १.५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली आणायचा प्रयत्न करा, आणि महिनाभर घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवू नका. प्रतिकारशक्तीची औषधं सुरू असताना जुलाब, कावीळ, धाप किंवा कमालीचा थकवा आला तर घरी थांबायचं नाही.

आवरणभर पसरलेल्या प्रकारात पाणी साचतं आणि शंट लागतो. शंटमुळे डोकेदुखी उतरते, पण त्याच नळीतून पेशी पोटात उतरून तिथे वाढल्याची उदाहरणं आहेत. म्हणून पोट फुगलं तर फक्त शंट अडकला असं गृहीत न धरता पोटातलं पाणी तपासा.

बाळाच्या अंगावर मोठा काळा चट्टा असेल तर

जन्मतः डोक्यावर ९ सेंटिमीटर किंवा अंगावर ६ सेंटिमीटरपेक्षा मोठा चट्टा मोठेपणी २० सेंटिमीटरच्या पुढे जातो. असा चट्टा असेल, किंवा आकार कितीही असो पण जन्मतः दोन वा अधिक चट्टे असतील, तर मेंदू आणि मणक्याचा एमआरआय पहिल्या सहा महिन्यांत, जमल्यास चार महिन्यांच्या आत करा. नंतर मेंदूतल्या नसांवर पांढरं वेष्टण चढतं आणि मेलॅनिनची चमक त्यात लपते. स्कॅनवर काही दिसलं पण बाळ ठणठणीत असेल तर उपचार नाही, लक्ष ठेवायचं. अशी कितीतरी मुलं व्यवस्थित वाढतात. डोक्याचा घेर झपाट्याने वाढणं, उलट्या, फिट किंवा शिकलेल्या गोष्टी विसरणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. पसरलेल्या आजाराची लक्षणं सुरू झालेल्या मुलांचं भवितव्य बहुधा वाईट असतं. एनरास बदल असलेल्या काही मुलांना ट्रॅमेटिनिब या औषधाने लक्षणांत आराम मिळाल्याची नोंद आहे, बरं झाल्याची नाही.

किती वर्षं तपासत राहायचं

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी एमआरआय, मग वर्षातून एकदा, आणि दहा वर्षांनीही बंद नाही. मेलॅनोसायटोमा अनेक वर्षांनी परत आल्याच्या, क्वचित मेलॅनोमात बदलल्याच्या नोंदी आहेत. दर वेळी कॉन्ट्रास्टआधीचं टी१ त्याच पद्धतीने काढून घ्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या स्कॅनशी ताडून बघा, फक्त मागच्या स्कॅनशी नाही. हळू वाढणारी गाठ वर्षा-दोन वर्षांच्या फरकात नजरेतून सुटते. त्वचा आणि डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा करत राहा. मूळची म्हणून ठरलेल्या गाठीचा उगम पुढे तळपायावर सापडला, तर निदान बदलतं आणि उपचारही.